सुनेच्या गाडीवर बसेपर्यंत

आमच्या घरात सून येऊन आठ वर्षं झाली होती, आणि या आठ वर्षांत ती आणि तिचा सासरा एकमेकांशी थेट एक वाक्यही बोलले नव्हते. भांडण नाही, रुसवा नाही. मर्यादा म्हणतात याला आमच्याकडे. सासरा ओट्यावर बसलेला असला तर सून पदर डोक्यावरून ओढून मागच्या दाराने जाते. बोलायचं ते माझ्यामार्फत. "आई, आबांना सांगा, पाणी तापलं." आबा तिथेच, दोन हातांवर, खाटेवर बसलेले. त्यांना सगळं ऐकू गेलेलं. तरी मी म्हणायचं, "अहो, पाणी तापलं." मग ते माझ्याकडे बघून म्हणणार, "सांग तिले, येस मी." ती चुलीपाशी ऐकत उभी. हसू येतं ना? मलाही यायचं. पण घर चाललं होतं, आणि चाललेल्या घराला कोण कशाला हात लावतं.

आबा म्हणजे माझा नवरा. सगळं गाव आबा म्हणतं म्हणून मीही म्हणायला लागले. मुलगा जळगावला, पाइपाच्या कारखान्यात, शनिवारी रात्री येतो नि सोमवारी पहाटे जातो. म्हणजे घरात आम्ही तिघं. सून शेजारच्या गावात अंगणवाडी चालवते. तिथं जायला तिनं स्कूटी घेतली. गावातून जाताना पदर दातात धरून हळू चालवायची, आणि ती दिसली की आबा मान वळवून लिंबाच्या झाडाकडे बघत बसायचे. गाडीबद्दल ते मला एकदाच बोलले होते, "बाईमाणसाले दोन चाकं कशाला पाहिजेत." मी म्हटलं, "तुमच्या बैलगाडीलाही दोनच होती."

ती सकाळ दिवाळीनंतरची. कापसाची दुसरी वेचणी तोंडावर आली होती. आमचं शेत घराच्या मागेच, हाक मारली तर ऐकू येईल इतकं जवळ. सात वाजता आबा ठिबक बघायला गेले. काही ओळींना पाणी पोचत नव्हतं. नळी उचलायची, भोकात अडकलेली माती झटकायची, पुढे जायचं, असं काम. आता ठिबकाच्या नळीखाली काय असतं सांगते. ओल असते, आणि वर कापसाचा पाला पडलेला असतो. उन्हाळा असो की हिवाळा, ती जागा थंड राहते. आपल्याला आवडावी अशी जागा सगळ्यांनाच आवडते.

मी भाकरी थापत होते. आबा मागच्या दारात येऊन उभे राहिले. हातात एक चप्पल.

"काहीतरी चावनं," ते म्हणाले. कुणी विचारलं नसताना शिळ्या बातमीसारखं सांगावं, तसं.

"काय चावलं?"

"अजगरनं पिल्लू व्हतं. त्याले इख ऱ्हास नही." म्हणजे त्याला विष नसतं.

मी पाय बघितला. उजव्या पायाच्या घोट्याच्या वर दोन टोचे, एकमेकांपासून अंगठ्याच्या रुंदीइतके लांब. काट्यानं टोचल्यासारखे. पण काट्याचं रक्त येतं आणि थांबतं. हे थांबत नव्हतं. पातळ, सावकाश, एक धार टाचेकडे चालली होती. मी पुसलं की पुन्हा.

शेजारच्या शेतातले भाऊ धावत आले. आबांनी त्यांना बांधावरून ओरडून सांगितलं होतं वाटतं. आल्या आल्या त्यांनी विळ्यानं ठिबकाच्या नळीचा हातभर तुकडा कापला, गुडघ्याखाली गुंडाळला, त्यात तुराटी, तुरीची वाळकी काडी, घालून पीळ दिला. नळी अशी कातडीत रुतली की आबांनी दात आवळले.

"असू द्या आबा," भाऊ म्हणाले. "इख वर चढाले नको."

आणि मी काय केलं? खोटं कशाला लिहू. मी डब्यातून दोन वाळलेल्या लाल मिरच्या काढल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. आमच्याकडे असंच करतात. माझ्या आईनं माझ्या मामाला दिलेल्या मी बघितल्या आहेत. सापानं धरलेल्या माणसाला मिरची चावायला द्यायची. तिखट लागली तर विष नाही, गोड लागली तर विष चढलं. लहानपणापासून हे इतक्या वेळा ऐकलं होतं की ते खरं की खोटं असा प्रश्नच कधी डोक्यात आला नव्हता.

"तिखट लागस का?" भाऊंनी विचारलं.

"लागस ना! जीभ जळी गयी!" आबांच्या डोळ्यांतून पाणी.

"मंग इख नही शे," भाऊ म्हणाले आणि ओट्यावर बसले. मी चहा ठेवला. होय, चहा. साखर जास्त घातली, घाबरलेल्या माणसाला बरी म्हणून.

तेवढ्यात दाराआडून सून बोलली. हळू नाही, नेहमीपेक्षा मोठ्यानं. "आई, मिरचीनं काही कळत नसतं. आम्हाला मीटिंगमध्ये सांगितलंय. त्यांना चालू देऊ नका, पाय हलवू देऊ नका, आणि दवाखान्यात चला म्हणा. आत्ता."

आबा चहाच्या कपाकडे बघत मला म्हणाले, "सांग तिले, मी पासष्ट वर्षं वावरमा काढात. माले साप समजतस."

"त्यांना विचारा, अंगावर काय होतं त्याच्या?" सून दाराआडून.

"अहो, काय होतं अंगावर?"

"गोल गोल. साखळी सारखं. अजगरले ऱ्हास तसं."

मग दाराआडून मोबाईल लावल्याचा आवाज आला. तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला. आमच्या भागातली गाडी एका बाळंतिणीला घेऊन धुळ्याला गेली होती, दुसरीला शिरपूरकडून यायला पाऊण तास तरी लागणार होता. भाऊंची मोटारसायकल त्यांचा पुतण्या बाजाराला घेऊन गेलेला.

मी आबांच्या पायाकडे बघत होते. घोटा दिसेनासा झाला होता. मिरची खाल्ली तेव्हा दिसत होता. आता पाऊल, घोटा, पोटरी सगळं एकाच जाडीचं, भिजवून फुगवलेल्या गोणीसारखं. टोच्यांभोवती काळंनिळं. आणि रक्ताची धार अजून चाललीच होती. आबांनी कप खाली ठेवला, मान बाजूला केली आणि सगळा चहा उलटून टाकला.

मग मला भीती वाटली. भाऊ उभे राहिले, पुन्हा बसले.

सुनेनं गाडी ओट्याला आणून लावली. पदर डोक्यावर होता, चेहरा रस्त्याकडे. "आई, आबांना मध्ये बसवा. तुम्ही मागे बसा आणि त्यांना घट्ट धरा. चक्कर आली तर पडतील."

आबांचं तोंड पांढरं पडलं होतं, पण मान काही हलली नाही. "सूनना मांगे बठू? गाव काय म्हनी?"

"अहो, पाय बघा तुमचा!"

"तू मधमा बठ. मी मांगे बठस."

"मागे बसून पडलात तर?"

"पडस नही."

भाऊही म्हणाले, "आबा, बठी जा ना." पण त्यांच्या बोलण्यात जोर नव्हता. समोरच्या घरातल्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या होत्या, आणि आबांची नजर तिकडे होती. आता बाहेरच्या माणसाला वाटेल, हा काय वेडेपणा. माणूस मरायला टेकलाय आणि कुठे बसायचं यावर वाद. पण मला त्यांचं कळत होतं, हेच तर वाईट. सुनेच्या इतकं जवळ बसणं म्हणजे आमच्या पिढीला अंगावरचे कपडे काढून चौकात उभं राहण्यासारखं. मी त्यांना ओढत होते आणि मनातून मलाही लाज वाटत होती.

सुनेनं गाडीचं स्टँड लावलं. वळली. पदर डोक्यावरून खाली आला, तिनं तो कमरेला खोचला. आणि आठ वर्षांत पहिल्यांदा सासऱ्याच्या डोळ्यांत बघून ती म्हणाली,

"आबा. तुम्ही मेलात तर गाव काय म्हणेल, ते मला ऐकायचं नाही. बसा."

दारातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. भाऊ जमिनीकडे बघायला लागले. आबांनी सवयीनं माझ्याकडे बघितलं, मी निरोप सांगीन म्हणून. निरोप पोचला होता.

ते बसले. बसताना खांद्यावरचा गमछा काढून त्याची घडी केली आणि तिची पाठ नि आपली छाती यांच्यामध्ये धरली. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून थोडा वेळ वरच धरून राहिले. मी मागून दोन्ही हातांनी त्यांना कवळलं. भाऊंनी त्यांचा पाय उचलून गाडीच्या पायरीवर ठेवला. गाडी निघाली.

तालुक्याचं गाव आमच्यापासून अकरा किलोमीटर. रस्ता निम्मा चांगला, निम्मा खोदून ठेवलेला. खड्डा आला की सून गाडी इतकी हळू घ्यायची की चालत गेलेलं बरं, आणि खड्डा संपला की अशी पळवायची की माझे डोळे मिटायचे. वाटेत मेंढ्यांचा मोठा कळप आडवा आला. रस्ताभर पाठीच पाठी. सुनेनं हॉर्न दाबूनच धरला. मेंढपाळ बाईनं एकदा आमच्याकडे बघितलं, आबांच्या पायाला बांधलेली नळी बघितली आणि तोंडानं असा काही आवाज काढला की मेंढ्या फाटलेल्या कापडासारख्या दोन बाजूंना झाल्या. कोण होती, कुठली, माहीत नाही. तिचे उपकार आहेत आमच्यावर.

कळपाच्या पुढे आलो आणि आबा थुंकले. वाऱ्यानं थुंकी माझ्या दंडावर उडाली. लाल. मला वाटलं, मिरची.

"मिरची टाका की आता तोंडातली," मी त्यांच्या कानात म्हणाले.

"कव्हयच थुकी टाकी," ते म्हणाले. कधीच टाकली. शब्द जड झाले होते.

मी दंडावरचं बोटानं पुसलं. चिकट होतं. मिरचीचा रंग असा नसतो. मी पुढे वाकून त्यांचं तोंड बघितलं, तर दातांच्या मुळाशी लाल रेघ. हिरड्यांतून रक्त येत होतं, कुणी मारलं नाही, काही लागलं नाही, आपोआप. सुनेला सांगावं की नको? सांगितलं आणि ती घाबरली, गाडी घसरली तर? मी गप्प बसले. पुढे दवाखान्यात कळलं, तिनं आरशात केव्हाच बघितलं होतं, आणि मी घाबरू नये म्हणून तीही गप्प बसली होती.

शेवटच्या दोन-तीन किलोमीटरला आबांची मान पडली. तिच्या खांद्यावर. गमछा केव्हाच रस्त्यात उडून गेला होता.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर एक तरुण मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. आबांना स्ट्रेचरवर घेतलं आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता चावला?"

"सात वाजून दहा मिनिटं," सून म्हणाली.

डॉक्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेनऊ होत होते. "कुठून आलात तुम्ही?"

सुनेनं गावाचं नाव सांगितलं. अकरा किलोमीटरला इतका वेळ लागत नाही, हे तिथल्या खुर्चीलाही कळलं असतं. सुनेनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणून मीच म्हणाले, "मी मिरची खायला दिली, डॉक्टरीणबाई. मग चहा दिला. मग हे गाडीवर बसेनात."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी काही देऊ नका," आणि हिरड्या बघायला लागली. पुढच्या वेळी म्हणाली, याचाच मला तेव्हा किती आधार वाटला.

सिस्टर कात्री घेऊन पायाची नळी कापायला गेली, तर डॉक्टर ओरडली, "थांबा! आधी औषध सुरू होऊ द्या. एकदम सोडली तर सगळं एका वेळी वर जाईल." मग मला म्हणाली, "बांधायचंच नसतं आजी. पाय हलवायचा नाही, बस. हे बांधून पाय जातो." मी नळीकडे बघितलं. त्या नळीनं आम्हाला दोन एकर कापूस दिला होता, आणि आता ती आबांच्या पायात इतकी रुतली होती की वरून दिसतही नव्हती.

त्यांनी हातातून थोडं रक्त काढलं आणि काचेच्या कोरड्या नळीत घालून खिडकीजवळच्या स्टँडवर उभं केलं. "याला कुणी हात लावायचा नाही, हलवायचं नाही," सिस्टर म्हणाली. "वीस मिनिटं. चांगलं रक्त असलं तर गोठतं. विष असलं तर पाण्यासारखं राहतं." आणि डॉक्टर म्हणाली, "मी त्याची वाट बघणार नाही, हिरड्या सांगतायत." तोवर तिनं मोबाईलवर दोन सापांचे फोटो शोधून आबांपुढे धरले. एक अजगराचं पिल्लू, एक घोणस. आबांनी डोळे बारीक केले, बराच वेळ बघितलं, आणि घोणशीवर बोट ठेवलं. मग बोट मागे घेतलं. माणूस आपली चूक मान्य करतो तेव्हा त्याचं वय एकदम दिसतं.

औषधाच्या बाटल्या आल्या, छोट्या, आत पांढरी भुकटी. सिस्टर त्यांत पाणी घालून एकेक बाटली दोन्ही तळव्यांत सावकाश वळत होती, देवाच्या वाती वळाव्यात तशी. हलवली तर फेस होतो म्हणे. अशा दहा. मला वाटत होतं, लवकर करा, लवकर करा, आणि ती तिच्या चालीनं वळतच होती.

औषध सुरू झाल्यावर थोड्याच वेळात आबा अंग खाजवायला लागले. छातीवर चट्टे उठले. मग थंडी भरून आली, खाट हलायला लागली. "श्वास, श्वास बघा," डॉक्टर म्हणाली, सलाईनची कळ बंद केली आणि मांडीत एक इंजेक्शन दिलं. मी भिंतीला टेकून उभी होते. ज्या औषधानं वाचायचं तेच सोसत नसेल तर करायचं काय? सुनेनं माझा हात धरला. तिचा हात माझ्यापेक्षा गार होता. थोड्या वेळानं थंडी उतरली आणि डॉक्टरनं तेच औषध पुन्हा, हळूहळू, सुरू केलं. मग पायाची नळी थोडी थोडी करत सैल केली. तेव्हा आबा असे ओरडले की बाहेरच्या रांगेतली माणसं आत डोकावली.

या गडबडीत वीस मिनिटं केव्हाच उलटली होती; सिस्टरनं काचेची नळी उचलली आणि वाकडी केली. मी आयुष्यभर दही लावलं आहे. भांडं वाकडं केलं की कळतं, लागलं की नाही. ते रक्त काचेवरून सरळ वाहत गेलं, इकडून तिकडे, बिटाच्या पाण्यासारखं.

डॉक्टरनं आम्हाला दोघींना बाजूला घेतलं. "औषध पूर्ण गेलं की सहा तासांनी पुन्हा रक्त बघू. तोवर लघवी किती होते ते मोजायचं. हे विष किडनीवर जातं. पाच वाजेपर्यंत लघवी झाली नाही, किंवा रक्त गोठलं नाही, तर धुळ्याला हलवावं लागेल. तिथं डायलिसिस आहे. पण या अवस्थेत रस्त्यात काय होईल, मी सांगू शकत नाही." तिनं खोटा धीर दिला नाही. सुनेनं मुलाला फोन केला होता; कारखान्यातून निघता निघता त्याला दुपार होणार होती, मग बस बदलत बदलत यायचं.

मग दुपार. सून खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून होती, डोळे सलाईनच्या थेंबांवर. कधी नाडी मोजायची, कधी पायाची सूज किती वर सरकली ते पेनानं पायावर रेघ काढून लिहायची. हे सगळं तिला येत होतं, मला नाही. लघवीचं भांडं खाटेखाली ठेवलेलं. सिस्टर दर थोड्या वेळानं येऊन विचारायची, "झाली का बाबा?" आबा मान हलवायचे. नाही. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. नाही. इतकं सलाईन आत गेलेलं, आणि बाहेर थेंब नाही. सिस्टरनं डॉक्टरच्या कानात काही सांगितलं. डॉक्टरनं धुळ्याला फोन लावला. रुग्णवाहिका दाराशी येऊन उभी राहिली.

मी आबांच्या तोंडाशी वाकले. ओठ कोरडे, हिरड्यांवरचं रक्त वाळलेलं. "अहो, एकदा बघा ना प्रयत्न करून. डॉक्टर म्हणते किडनी..."

आबांनी डोळे मिटले. चेहरा ताणलेला, घामेजलेला. पण इतक्या वर्षांचा संसार आहे माझा, मला त्यांचा दुखणारा चेहरा ओळखू येतो, आणि हा तो नव्हता. हा यात्रेच्या बसमध्ये, गाडी थांबत नसताना, असतो तो चेहरा होता.

"होत नाही, की करत नाही?" मी विचारलं.

त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

"अहो!"

"ती तठे बठेल शे ना," आबा दातांतून म्हणाले.

ती तिथे बसली आहे ना. सुनेपुढे भांडं घ्यायचं कसं? म्हणून हा माणूस दुपारभर धरून बसला होता. किडनी गेली म्हणून दारात गाडी उभी, डॉक्टर फोनवर, मुलगा बसमधून फोन करून रडतोय, आणि यांची मर्यादा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून शिवी निघाली. खरी शिवी, अहिराणीतली, इथे लिहीत नाही. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

सुनेनं ऐकलं होतं. ती स्टुलावरून उठली. लाल झाली होती, रागानं की हसू दाबल्यानं, मला कळलं नाही. "आबा, मी बाहेर व्हरांड्यात जाते," ती म्हणाली. "दार लोटून घेते. आणि ऐकू येऊ नये म्हणून तिकडच्या टोकाला जाऊन उभी राहते. पण आत्ता करा." आणि गेली.

भांडं जवळजवळ भरलं. सिस्टरनं उजेडात धरून बघितलं, डॉक्टरला हाक मारली. डॉक्टरनं रंग बघितला. पिवळाच होता, जरा गडद, पण लाल नाही. तिनं आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "इतकी एका वेळी?" मी काय सांगणार. म्हणाले, "आमच्याकडे असं होतं." ती म्हणाली, "रक्त राहिलं अजून. ते बघितल्याशिवाय गाडी सोडणार नाही."

साडेचारला पुन्हा रक्त काढलं. पुन्हा काचेची नळी, पुन्हा खिडकी. सून आत आली आणि आम्ही दोघी तिच्यासमोर उभ्या राहिलो, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. बाहेर रुग्णवाहिकेचं इंजिन एकदा सुरू होऊन बंद झालं. वॉर्डात कुणाचं तरी मूल पळत आलं, तशी सुनेनं दोन्ही हात पसरून त्याला अडवलं. मी घड्याळ बघत होते आणि मनाशी हिशेब चालला होता. मिरचीची दहा मिनिटं. चहाची पंधरा. गाडीच्या वादाची किती? ती सगळी मिनिटं माझ्या हातून गेली होती, आणि आता या वीस मिनिटांत त्यांचा निकाल लागणार होता. मला एकदा ती नळी जरा वाकडी करून बघावीशी वाटली. लागलं का, लागलं का, म्हणून विरजणाच्या भांड्याला हात लावणाऱ्या सुनेला मी अनेकदा दटावलं आहे. मी हात पदरात गुंडाळून घेतले.

पाचला दहा कमी असताना डॉक्टर स्वतः आली. तिनं नळी उचलली, उजेडासमोर धरली, आणि हळूच वाकडी केली. आणखी वाकडी. आडवी. मग पार उलटी.

रक्त जागचं हललं नाही. काचेच्या तळाशी घट्ट, गडद, चिकटून राहिलं.

"गोठलं," डॉक्टर म्हणाली. आणि मग आमच्याकडे बघून, "अजून दोन दिवस बघायचं आहे. पाय बरा व्हायला महिने लागतील. पण धुळ्याला जायचं नाही."

सून तिथेच फरशीवर खिडकीखाली बसली. सकाळपासून पहिल्यांदा रडली. मी तिच्याजवळ बसले. मला म्हणायचं होतं की चहा मी ठेवला होता, मिरची मी दिली होती. म्हणालेच. तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "आई, ते आता राहू द्या. त्या गाडीवाल्याला सांगून या, जायचं नाही म्हणून. बिचारा दुपारपासून उभा आहे."

मी बाहेर गेले. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून बसला होता. मी त्याला सांगितलं, रक्त गोठलं, नेत नाहीत. तो म्हणाला, "चांगलं झालं, अक्का." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, दोनदा "कुठल्या फाट्यावर?" विचारलं, पाय आत घेतले. "साप का?" मी विचारलं. "माहीत नाही," तो म्हणाला, "शेतात पडलाय म्हणतात," आणि दार ओढून घेतलं. फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यानं भोंगा लावला नव्हता. रस्त्यावर गेल्यावर लावला. तो ऐकू येत होता तोवर मी पायरीवर उभी राहिले, आणि कुणाच्या तरी घरी या वेळी काही खायला देत असतील का, हाच विचार डोक्यात राहिला.